सव्वीस हजारांची यादी

प्रिय दादा,

आज गुरुवार, १२ मार्च. सकाळचे सात चाळीस. आपल्या पहिल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी बादली पालथी घालून बसलो आहे. आत्ताच बेसिनच्या नळाचं वॉशर बदललं. प्लंबर नुसता यायचेच सहाशे घेतो, म्हणून हे काम मी शिकून घेतलं. आपले भाडेकरू टेलरकाका घर सोडून गेले, त्याला आज एकवीस दिवस झाले. पुढच्या खोलीत त्यांचं मशिन होतं, तिथे फरशीवर चार पायांचे चार ठिपके आहेत. ते घासून निघत नाहीत.

तुला फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच म्हणतोस, मुद्द्यावर ये. म्हणून लिहितो. कागद मध्ये बोलत नाही.

हा फ्लॅट घेतला तेव्हा कामं तूच वाटून दिलीस. बँक, कागदपत्रं, विचार तुझ्याकडे. भाडेकरू, गळती, किल्ल्या माझ्याकडे. मी नववीत शाळा सोडली, कारण घरात एकाचीच फी भरता येत होती आणि तू हुशार होतास. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, आताही बोलणार नाही. पण तुझं अक्षर चांगलं आहे, यादी तू कर, असं तू म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

टेलरकाका राहायला आले त्या दिवशी मी त्यांना घेऊन दोन तास घरभर फिरलो. अकरा खिळ्यांची भोकं. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी खालून फाटलेली. बेसिनला डाव्या बाजूला चार बोटं लांब तडा. सगळं लिहिलं, दोन प्रती केल्या, दोघांनी सह्या केल्या. काका हसून म्हणाले होते की मुलीच्या लग्नातसुद्धा एवढी पारख केली नव्हती. त्यांनी साठ हजार अनामत मोजून दिली आणि त्याच आठवड्यात तू ती मागून घेतलीस. दुसऱ्या फ्लॅटचं बुकिंग होतं. अनामत आपली नसते रे, असं मी चाचरत म्हणालो होतो. तू म्हणालास, सगळे असंच करतात, पैसा बसवून ठेवला की सडतो. दुसरा फ्लॅट तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, हे मला घरपट्टीच्या पावतीवरून कळलं.

काकांनी महिनाभर आधी सांगून घर सोडलं. त्यांना बाजाराच्या रस्त्यावर तळमजल्याची जागा मिळत होती, पुढे दुकान, मागे घर. तिथली अनामत एक तारखेला भरायची होती. आपल्या खात्यात भाड्याचे चौतीस हजार शिल्लक होते. मी तुला फोन केला. तू म्हणालास, मग सव्वीस हजारांच्या नुकसानीची यादी कर.

दादा, आधी बेरीज आणि मग यादी, असा हिशेब मी कामाला असतो त्या दुकानात बिलं लिहिताना कधी केलेला नाही. त्या दिवशी केला. रंग बारा हजार. बेसिन साडेचार. जाळी तीन. कुलूप दोन. साफसफाई साडेचार. दोनदा बेरीज तपासली, बरोबर आली. काकांपुढे कागद ठेवला तेव्हा वाचा म्हणालो, तेवढं तरी म्हणालो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"अक्षर तुमचं आहे, मग वाचायचं काय?" असं म्हणून त्यांनी सही केली.

पाच दिवसांनी काकूंनी फोनवर एक फोटो पाठवला. सामान लावताना त्यांना पहिल्या दिवशीची यादी सापडली होती. फोटोखाली एकही शब्द नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट काहीतरी बोललो असतो.

मी स्कूटर विकली. पैसे घेऊन गेलो तेव्हा कळलं की तळमजल्याची जागा हातची गेली. सव्वीस कमी पडले, मालक थांबला नाही. आता ते तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आहेत. मशिन जिन्याच्या तोंडाशी ठेवलंय. गुडघेदुखीच्या बायका ब्लाउज शिवायला तीन मजले चढणार नाहीत, हे मलाही कळतं. काका आत होते, बाहेर आले नाहीत. काकूंनी पैसे दोनदा मोजले आणि मला पावती लिहायला लावली. मग दारातच उभं राहून ती ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द वाचली. पाणी विचारलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. दुसऱ्या फ्लॅटसाठी तू पक्क्या केलेल्या नर्सबाईंचा परवा मला फोन आला होता. रविवारी येऊन अनामत भरणार होत्या. त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, सोडताना पैसे परत मिळतात ना?" मी म्हणालो, नाही. त्या येणार नाहीत. पाच तारखेचा हप्ता तुझा तू बघ. पहिल्या फ्लॅटमधून माझं नाव काढायचे कागद तयार कर, मी वाचून सही करीन. किल्ल्या जाताना शेजारी देतो. वहिनीला यातलं काही सांगू नकोस, तिला वाटतं आपलं छान चाललंय.

तुझाच, अजून तरी,
धाकटा

टेलरकाकांची तू नेलेली अनामत: ६०,०००
सामाईक भाड्यातून परत दिले: ३४,०००, त्यात माझे निम्मे १७,०००
स्कूटर विकून परत दिले: २६,०००
वॉशर: ४०, माझे निम्मे सोडून २०
तुझ्याकडून मला येणे: ४३,०२०
टेलरकाकांना देणे: पैशात काही नाही.