पाटीवरचं ‘डॉ.’ पुसलं त्याबद्दल

॥ रेणुकामातेच्या कृपेने ॥
मुरुड, मंगळवार

आदरणीय उद्धवदाजी आणि आक्का,

दोघांना इथूनच वाकून नमस्कार. आक्का माहूरच्या पायऱ्या कुठेही न बसता चढली हे ऐकून शिल्पाने देवापुढे साखर ठेवली. (सुया तुमच्या, गुडघे आक्काचे, पण वर बोलावणारी आई, तेव्हा आपण श्रेय मागू नये हे बरं.) आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुमचे फोन आलेले मी पाहिले. उचलले नाहीत, कारण तुम्ही मध्येच रागावला असता आणि पुढचं सांगायचं माझं धैर्य गेलं असतं. पत्राला मध्ये बोलता येत नाही.

आधी आभार मानतो, कारण नंतर राहून जातील. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला. सुई म्हणजे गोधडीची, एवढंच मला ठाऊक. तुम्ही हात धरून अ‍ॅक्युपंक्चर शिकवलंत. कायदा व्हावा म्हणून आपली संघटना निवेदनं घेऊन दारोदार फिरली. लातूरला एका पुढाऱ्याच्या दारात आपण दिवसभर उभे होतो, आणि त्यांनी बाहेर येऊन आपण शिवणकामवाले का, म्हणून विचारलं, तेही तुम्ही हसून सोसलंत. (मी मनात हनुमानस्तोत्र म्हणत होतो, म्हणून मलाही सोसता आलं.) शेवटी कायदा झाला, परिषद आली, यादीत माझं नाव लागलं. शिल्पाने नोंदणीच्या प्रमाणपत्राला काचेवरून हळदकुंकू वाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला पोलिसाची गाडी दिसली तरी छातीत धडधडलं नाही. हे तुमच्यामुळे.

आता झालं ते असं. मागच्या सभेत तुम्ही अध्यक्ष या नात्याने सांगितलंत, की आता आपण कायद्यातली माणसं, तेव्हा नोंदणी जशी आहे तशीच पाटी हवी, नावाआधी ‘डॉ.’ नको, एकाच्या चुकीने सगळ्यांची नोंदणी अडचणीत यायची. मला पूर्ण पटलं. माझ्या पाटीवरचा ‘डॉ.’ आमच्या संघपाल पेंटरने मला न विचारताच घातला होता. (दवाखाना म्हटलं की तो लागतोच, असं त्याचं म्हणणं, त्याने जनावरांच्या औषधाच्या दुकानालाही घातला आहे.) घरी आलो, स्टुलावर चढलो आणि पांढऱ्या रंगाने ते अक्षर झाकलं. चांगलं काम हातून झाल्याचं समाधान वाटलं, दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी एकही पेशंट नाही. तिसऱ्या दिवशी नाही. बाजाराच्या दिवशीसुद्धा लोक समोरून मान खाली घालून जात, जसं एखाद्याच्या घरी काही अशुभ घडल्यावर जातात. मग शेषेराव चेअरमन आले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चहाला नको म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे सुतकात भेटायला आले आहेत. त्यांच्या मागोमाग साखराबाई (तुम्ही ज्यांच्या कंबरेला पहिली सुई लावलीत त्याच) भाकरी-पिठल्याचं गाठोडं घेऊन आल्या.

“सरकारानं डाक्टरकी काढून घेतली म्हनं तुमची. काय गुन्हा केलता ओ?”

मी त्यांना नीट समजावलं. म्हटलं, मावशी, उलटं आहे. आधी मला कायद्याचा आधार नव्हता, आता कायदा झाला, सरकारी नोंद झाली, म्हणून ते अक्षर मीच पुसलं.

“कायदा नव्हता तवर डाक्टर होता, कायदा आला अन् डाक्टरकी गेली. मग काय चाटायचाय का त्यो कायदा?”

दाजी, यावर तुम्ही सभेत काय उत्तर दिलं असतं, ते मला कळवा.  इकडे दवाखान्याचं भाडं शिल्पाच्या शिवणावर निघणार हे स्पष्ट दिसत होतं. (पुढाऱ्याचं बोलणं असं खरं व्हायचं होतं.) अक्षर परत लिहावं तर तुमची मान खाली जाते आणि नोंदणीही, न लिहावं तर दार बंद. मी मारुतीपुढे बसलो आणि काहीच मागितलं नाही, कारण काय मागावं हेच ठरेना.

पण गाव बसून राहिलं नाही. शेषेरावांनी बैठक घेतली. तुम्हाला माहीतच आहे, ते सोसायटीचे चेअरमन जेमतेम एक हंगाम होते. आता ती सोसायटीही उरली नाही, पण चेअरमन आहेत. बैठकीत ते म्हणाले, “पद जातंय, त्याला इलाज न्हाई. पण माजी ऱ्हातंय. मान्साचं माजी काढून घेनारा अजून पैदा झाला न्हाई.”

काल सकाळी सगळे वाजत आले. संघपालने फुकट रंगवलेली नवी पाटी लावली, साखराबाईंनी नारळ फोडला. पाटीवर आहे: ‘वैजनाथ, नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सक’, आणि खाली तांबड्या अक्षरात, ‘माजी डॉक्टर’. मला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. आज दुपारपर्यंत बाकावर जागा नव्हती. माणूस पदावर असताना त्याचा मान करतात तो पदाचा असतो. पद गेल्यावर करतात तो त्याचा. तो मला न मागता मिळाला, याबद्दल देवाचे, गावाचे आणि तुमचे उपकार.

तुमचाच,
वैजनाथ

ता. क. संघपालने पाटीचा फोटो संघटनेच्या ग्रुपवर टाकला आहे. तो जेवण झाल्यावर पाहावा.

ता. क. २. ‘माजी’ नियमात बसतं का, एवढं परिषदेत विचारून सांगा. बसत नसेल तर पाटी उतरवायला तुम्हीच या. मी स्टुलावर चढलो होतो, पण साखराबाई समोरच्या ओट्यावर बसून असतात.

ता. क. ३. रविवारी आलात तर बरं. शेषेरावांनी विचारलं, तुमचं अध्यक्षपद कधी संपतं. मी म्हटलं, येत्या मार्चमध्ये. ते फार खूश झाले. तांबडा रंग शिल्लक आहे.