गिटारीला नायलॉनच्याच तारा

मी, निंबा जीवराम पाटील, वय एकोणसत्तर, धंदा शेती, राहणार असोदा, तालुका जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा दुसरा चहा घेऊन लिहून ठेवतो. कोणाचा दाब नाही. पत्नी सुनंदाबाई शेजारी बसून आहे, पण तो दाब बेचाळीस वर्षांचा असल्याने धरू नये.

१. राहते घर सुनंदाबाईचे. कोणी वाद घातल्यास तिच्याशीच घालावा, म्हणजे लवकर मिटेल.

२. केळीचे शेत, विहीर व मोटारपंप मुलगा रुपचंद याचे. गिटार मात्र त्याला नाही. मित्राच्या लग्नात मोठा आवाज हवा म्हणून त्याने तिच्यावर पोलादी तारा चढवल्या. ती बनली आहे नायलॉनच्या तारांसाठी. पोलादाच्या ताणाने पोटावरची पट्टीच उखडली. जामनेरच्या सुताराने ती जोडली, पण रुपचंद अजून "तेवढं काय त्यात!" म्हणतो.

३. गिटार देवपूर, धुळे येथील माझा मेहुणा पंडित याला द्यावी. तो गाण्याचा मास्तर; मला त्यानेच शिकवली. तो योग्य तारा लावील. अठरा वर्षे आमचे बोलणे नाही, त्याचे कारण नोंदवतो. १९७१ साली गिटारीची तार तुटली, तेव्हा मी त्याला पोस्टकार्ड टाकले, "ताबडतोब तार पाठव." त्याने पोस्टात जाऊन तार केली! पोस्टमन दारात "देवपूरची तार आली" म्हणताच सुनंदाबाईने "मनी माय गयी वं!" म्हणून हंबरडा फोडला. तार म्हणजे मयत, एवढेच गावाला ठाऊक. ती उघडून कोणी पाहिलीच नाही. आम्ही अकरा माणसे रडत देवपूरला पोचलो, तर दार सासूबाईंनीच उघडले. "मी जित्ती शे ना!" म्हणाल्या आणि अकरा जणांचा चहा टाकला. मग कुठे तार उघडली. "सर्व खुशाल. पंडित." मी त्याला चारचौघांत बिनडोक म्हणालो. आज लिहून देतो की 'गिटारीची' हा शब्द लिहायला मीच विसरलो होतो. चूक माझी. मला त्याची फार आठवण येते.

४. दुरुस्ती. साक्षीसाठी सुनंदाबाईने मला न विचारता पंडितलाच बोलावले होते. तो आत्ताच आला. वरचे कलम त्याने उभ्यानेच वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "भाऊ, इतलं सांगाले मरानी वाट का बरं देखी?" कागद तपासायला आलेले वकीलसाहेब म्हणतात, ज्याला वस्तू द्यायची त्याचीच साक्ष घेऊ नये. मला साक्ष त्याचीच हवी. सबब कलम ३ रद्द, त्यातली चुकीची कबुली तेवढी कायम. गिटार मी आजच त्याच्या हवाली केली आहे.

ठिकाण असोदा, दिनांक ९ मार्च १९८९

लिहून ठेवणार: निंबा जीवराम पाटील

साक्षीदार:
छगन लोटन महाजन, असोदा
पंडित वना देसले, देवपूर (मांडीवर गिटार असल्याने सही वाकडी)