पाटाच्या कागदावरची सही

नाना, तुम्हांला एक विचारायचं राहून गेलं आहे. तुम्ही होतात तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आणि आता माझं वय तुमच्याहून जास्त झालं तरी गुंता सुटत नाही.

काका गावाहून बोटीने आले होते, भोईवाड्यातल्या आपल्या खोलीत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. गिरणी सुटली की तुम्ही सभेला, आणि घरी यायचात ते घसा बसवूनच. काकांनी पिशवीतून कागद काढला. आपल्या सुपारीच्या बागेला पाणी नेणारा मातीचा पाट सिमेंटने बांधून घ्यायला सरकार निम्मा खर्च देणार होतं. जमीन दोघा भावांच्या नावावर, म्हणून सह्याही दोघांच्या लागणार. तालुक्याला खेपा घालून घालून त्यांनी तो कागद मिळवला होता. आई भाकरी थापते आहे, मी ताटं घेते आहे, आणि तुम्ही कागद वाचून पालथा ठेवता. "ह्या सरकाराच्या कागदार माझी सही मिळाची नाय," तुम्ही म्हणता. "ज्यांनी गोळये घातले, त्यांचो सिमेंट माका नको." काका आधी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. "निम्मा पाणी मातयेत फुकट जाता, ता तुका दिसना नाय?" तुम्ही भाकरी मोडायला लागलात. काका वाढलेल्या ताटावरून उठले. आई जिन्यापर्यंत विनवत गेली, पण ते थांबले नाहीत. मुदत टळली, पाट मातीचाच राहिला, आणि काका पुन्हा आपल्या खोलीत आले ते थेट तुमच्या बाराव्याला.

मला मात्र तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता. चाळभर मीच सांगत फिरले, की आमच्या नानांनी सरकारला नाही म्हटलं. आणि त्याच महिन्यात तुम्ही माझ्या फीमाफीच्या अर्जावर सही केलीत, शाईचं बोट केसांना पुसत. सरकार तेच होतं. मोठी झाल्यावर हे लक्षात आलं आणि मला तुमचा रागच आला. लेकीपुरतं सरकार चालतं आणि भावापुरतं चालत नाही, हा कुठला न्याय?

तो राग तरी सरळ होता. पण बाराव्याच्या दिवशी तुमच्याबरोबर गिरणीच्या साचेखात्यात काम करणारे, आपल्याच गावच्या बौद्धवाडीतले ते गृहस्थ आले. काका आत बसले होते, म्हणून ते गॅलरीतच उभे राहिले. म्हणाले, "पाटाच्या पाण्याची पाळी आमच्या वाडीला कधी नव्हती, बाय. जिरायचं तेवढंच खाली आमच्या विहिरीत उतरायचं. नानांनी एकदा विचारलं होतं मला, उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी कुठनं येतं म्हणून." हे काका येण्याआधी विचारलं की नंतर, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि आठवत नाही म्हणाले.

आधी विचारलं असेल, तर सही त्या विहिरीसाठी अडवलीत; मग भावाला तसं तोंडावर का नाही सांगितलंत? त्या वाडीला पाळी द्या, असं का नाही म्हणालात? सरकारशी भांडणं सोपं आणि भावकीशी अवघड, असं होतं का? आणि नंतर विचारलं असेल, तर तुम्ही नुसते हट्टी होतात आणि मीच तुम्हांला थोर करून बसले आहे. दोन्ही खरं वाटतं. कधी एकाच दिवसात दोन्ही.

नुकताच काकांच्या मुलाचा फोन आला होता. पाइप आणि ठिबक बसवायचं आहे, सरकार अनुदान देतं आहे, फक्त वारसांची संमती हवी. "ताई, एक थेंब वाया जाणार नाही," म्हणाला. त्याचं काही चुकत नाही. हल्ली उन्हाळ्यात बाग सुकते, सुपाऱ्या गळतात, आणि राबतो तोच. बौद्धवाडीत एव्हाना नळ आला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. सही मी परवाच करून दिली. त्याआधी त्याला नळाचं विचारायला फोन हातात घेतला होता, पण विचारलं नाही. नळ आलेला नाही म्हणाला असता, तर मलाही भांडायला एखादं सरकार शोधावं लागलं असतं.