टॉवेलवरचं शिंग

तीर्थरूप गुरुसिद्धप्पा काकांना काव्याचे शरणु शरणार्थी. गुडघा कसा आहे? काकूंची शेंगाचटणी पोचली, निम्मी प्राणिशास्त्र विभागानंच संपवली. पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मागांच्या खडखडाटात सगळ्यालाच "व्हय व्हय" म्हणता, आणि ही गोष्ट व्हय म्हणण्यासारखी नाही. (तुमच्या गोडाऊनच्या बसूच्या हाती डब्यासोबत पाठवतेय. आधी जेवा.)

तर तुमचा भुंगा. गेल्या पावसाळ्यात कारखान्यात ट्यूबलाइटवर आपटून पडलेला तो काळा ढब्बू तुम्ही चपलेनं न मारता टिफिनात घालून मला दिलात, आमच्या अभिमन्यू सरांनी नवीन जात म्हणून त्याला तुमचं नाव दिलं, छापून आणलं, इथपर्यंत सगळं झ्याक. पण तुम्ही रविवारी स्वतःचा सत्कार ठरवलात आणि आहेराला टॉवेल विणायला घेतले, वर भुंगा, खाली नाव. नमुन्याचा टॉवेल मी मिरवत सरांकडे नेला. आता तुमच्या डिझाइनवाल्या युवराजनं त्या भुंग्याला मनानंच एक शिंग काढलंय. (मी विचारलं तर म्हणाला, "बिनशिंगाचा लई रेडकासारखा दिसतोय की ताई, पाव्हण्यांस्नी काय दाखवायचं?")

सर टॉवेल बघून चहा विसरले. म्हणाले, ह्याला मी ओळखतो. कपाट उघडलं. काही वर्षांपूर्वी श्रीपूरला सासुरवाडीच्या उसात त्यांनाच अगदी असा शिंगवाला सापडला होता, त्याला त्यांनी सासऱ्यांचं, सिद्धलिंगप्पांचं नाव दिलं होतं. मग तिकडून एक जिवंत शिंगवाला मागवला, तुमच्या कारखान्यातला एक ताजा बिनशिंगी आणला, आणि दोघांना एका डब्यात ठेवलं. काका, तुम्ही वडीलधारे, जास्त लिहीत नाही, पण सरांनी मला खिडकीबाहेर बघायला सांगितलं. पुढं सगळ्या तपासण्यांत तेच निघालं. जात एकच. शिंगवाला नवरा, बिनशिंगाची बायको. म्हणजे तुमच्या नावानं जगभर गेली ती सिद्धलिंगप्पांची मंडळी.

आणि नियम असा की एकाच किड्याला दोन नावं पडली तर आधी छापलेलं खरं. मी सरांशी भांडले. म्हटलं, काकांनी हॉल बुक केलाय, जेवणात गोडाला गव्हाची हुग्गी सांगितलीय. तेवढ्यात सरांच्या महेश्वरी मॅडम डबा घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या अप्पांचं नाव खोडून बघा, मग या घरी जेवायला." नियम मॅडमच्याच बाजूला आहे म्हणून सर इतके सुटल्यासारखे हसले की मला त्यांची दया आली. तुमचं नाव खोडत नाहीत हं, ते सिद्धलिंगप्पांच्या खाली कायमचं राहतं, लग्नपत्रिकेत तळाशी पोरांची नावं असतात तसं. वाचतं कोण ते विचारू नका.

रागावू नका, निदान जेवण होईपर्यंत. काकूंना नमस्कार.

तुमची लाडकी (अजून आहे ना?)
काव्या

ता.क. सत्कार रद्द करायचा नाही. सर स्टेजवर खरं तेच सांगणार आहेत, की नवरा सापडून इतकी वर्षं झाली पण त्याची बायको कोण हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं, ती गुरुसिद्धप्पांनी शोधली. मॅडमही येतायत, पहिल्या रांगेत.

आणखी ता.क. खरं काम हे. बसू म्हणतो गोडाऊनमध्ये टॉवेलांना बारीक तपकिरी किडे लागलेत आणि तुम्ही फवारणीवाल्याला बोलावलंय. पाया पडते, त्याला थांबवा. सरांना तो किडा ओळखू येईना. किड्याचं कूळ वेगळं असलं की तुमचं तेच नाव परत देता येतं, आणि या वेळी आधी जोडी पकडू, मग सासरची सगळी नावं तपासू, मगच छापू. टॉवेल वाया गेले असंही समजू नका. शिंग ताठ उठून दिसावं म्हणून युवराजनं तिथल्याच धाग्याला जास्त खळ दिली होती, आणि किड्यांना आवडते ती खळ. बसूनं आणलेल्या टॉवेलावर तेवढं शिंगच खाल्लंय. बाकी भुंगा शाबूत आहे, खाली तुमचं नावही. आता तो अगदी तुमचा दिसतो.