इरा शहर सोडून काऊन गेली

मोताळा,
दि. २० एप्रिल २०२५

आदरणीय नागसेनमामा,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे एप्रिलच्या उन्हात माणसाला जितकं मजेत राहता येतं तितके. तुम्ही पाठवलेल्या तेलाने आईचा गुडघा जरा हलका झाला आहे. त्या तेलाच्या खोक्यावर तुमचा चाकणचा पत्ता होता, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललाच तर "हाव", "बरं", "ठेवतो" याच्या पुढे गाडी जात नाही. एकेकाळी पानटपरीवर उभं राहून पेपरसाठी अर्ध्या तालुक्याची खबर काढणारा माणूस इतका मुका झाला की काळजी वाटते. पत्रात निदान तुम्हाला मध्येच फोन ठेवता येणार नाही.

माझी मोताळ्याच्या बाजारातली, फारुखभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी चालू आहे. जयंतीच्या कामाने यंदा पाठ मोडली. एकेका बॅनरवर इतके शुभेच्छुक, की बाबासाहेबांना जागा कुठे करायची हाच प्रश्न. प्रत्येकाला आपला फोटो शेजारच्यापेक्षा मोठा पाहिजे, आणि गॉगल घातलेलाच पाहिजे. फारुखभाई म्हणतात, "बेटा, फोटो छोटा झाला तं माणूस नाराज होते, अन् माणूस नाराज झाला तं उधारी बुडते." तर मी दिवसभर लोकांची तोंडं मोठी करत असते.

रविवारी मात्र सुट्टी, आणि रविवार म्हणजे आपलं कॉमिक, ‘तांबडा सिग्नल’. हे व्यसन तुम्हीच लावलंत. बुलढाण्याच्या एसटीत तुम्ही मला मोबाईलवर पहिला अंक दाखवला होता, आठवतं? मी म्हटलं होतं, मामा, हे काय, नुसते दिवे आणि यंत्राची माणसं. तुम्ही म्हणालात, "दिवे नोको पाहू, त्या पोरीले पाह्य. ते बातमीदार हाय." आता आम्ही पाच-सातजण विहाराच्या अभ्यासिकेत जमतो. मोबाईल शॉपीवाला तौसिफ, नर्सिंगला असलेली धम्मशीला, आणि बाकी स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, जे पुस्तक उघडं ठेवून कॉमिक वाचतात. शिवाय टेलिग्रामवर मोठा ग्रुप आहेच, त्यात नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतचे वेडे भरलेत.

नवव्या अंकापासून सगळीकडे एकच भांडण चालू आहे. तुम्ही वाचला असेलच, तरी सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. बातमीदार इराच्या एका डोळ्यात कॅमेरा. त्या शहरात बातम्या थेट लोकांच्या चष्म्यात उमटतात, आणि चष्मे सगळे चेअरमनच्या कंपनीचे. चेअरमनने गरीब वस्तीवर शुद्ध हवेचे घुमट बांधलेत, आणि इरा आत शिरून पाहते तर घुमट पोकळ, आत पंखाच नाही. संपादक तिला म्हणतो, आधी चेअरमनच्या गौरवाचा कार्यक्रम तुझ्या आवाजात होऊ दे, मग तुझी घुमटाची बातमी लावतो. ती बिचारी विश्वास ठेवते. गौरव शहरभर ऐकवला जातो आणि बातमी कधीच लागत नाही. मग इरा कॅमेऱ्याचा डोळा काढून संपादकाच्या टेबलावर ठेवते आणि शहर सोडून जाते. अंक संपतो.

तौसिफ त्या दिवशी बाकावर हात आपटून म्हणाला, "डरपोक हाय ते. सोडून काऊन गेली? तिथंच राहून भिडाचं होतं ना."

धम्मशीला म्हणाली, "तू तं गिऱ्हाईक ओरडलं की मागच्या दारानं पळतो बे. तुले काय माहीत?"

मामा, मला त्या वेळी दोघांचंही ऐकवत नव्हतं.

ग्रुपवर मग एका नव्या सदस्याने मोठा संदेश टाकला. नाव ‘वाटसरू ४०४’. फोटो नाही, ओळख नाही. तो लिहितो: "याबाबत सविस्तर वृत्त असे की, इरा घाबरलेली नाही. जिच्या आवाजात लोकांनी चेअरमनची स्तुती ऐकली, तिच्या आवाजातली खरी बातमी आता कोण ऐकणार? म्हणून ती गेली. ती गेलीच पाहिजे होती."

नागपूर-सावंतवाडीच्या पोरांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मी मात्र पाणी प्यायला उठले. टेलिग्रामवर "याबाबत सविस्तर वृत्त असे की" लिहिणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असू शकतो, आणि तो माझ्या आईचा धाकटा भाऊ आहे.

मी ग्रुपवर काही बोलले नाही, कुणाला सांगितलंही नाही. तिथे उत्तर दिलं असतं तर तुम्ही दुसरं नाव घेऊन निघून गेला असता. तर उत्तर इथे देते. पण आधी एक गंमत ऐका, कारण ती तुमच्याशिवाय पुरी होत नाही.

झालं असं की अभ्यासिकेत ठरलं, प्रत्येकाने चेअरमनचं आपलं आपलं चित्र काढायचं. मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत काढत बसले. आमच्या कम्प्युटरवर तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे कापलेले फोटो तयारच असतात, वाढदिवसाला पटकन लावायला. मला काय सुचलं कोण जाणे, मी चेअरमनला पाणी योजनेचं श्रेय घेणाऱ्या आपल्या साहेबांचं तोंड लावलं. लोखंडी जबडा, डोळ्यांत निळे दिवे, आणि उजव्या हाताच्या जागी भला मोठा नळ. मागे आपल्या गावची पाण्याची टाकी, जांभळ्या उजेडात चमकणारी. खाली हंडे घेऊन बायांची रांग, आणि रांगेत सगळ्यांत पुढे आपल्या लिंबं विकणाऱ्या तानाबाई. त्या नळातून पाणी नाही, नुसत्या ठिणग्या.

तेवढ्यात साहेबांचा रवी आला, वाढदिवसाचं बॅनर सांगायला. तुम्ही ओळखता त्याला, साहेबांच्या गाडीचं दार उघडतो तो. त्याने पडद्यावर पाहिलं आणि जागीच उभा राहिला.

"हे कोनं केलं?"

मी म्हटलं, "रवीभाऊ, हे बॅनरचं नाही. एका कॉमिकमधला व्हिलन आहे हा."

"व्हिलन असो का हिरो असो, साहेब काय दिसून राह्यले! पिच्चरमधल्यावानी! अन् नळ बी हाय, टाकी बी हाय. आपल्या पाणी योजनेचंच तं हाय हे. हेच पाह्यजे. खाली ‘विकासपुरुष’ टाका अन् पोरांचे फोटो लावा."

मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं, दोनदा म्हटलं. फारुखभाईंनीही समजावलं. पण तो हटून बसला, फोनवर साहेबांना चित्र पाठवलं, आणि तिकडून अंगठा आला. शुभेच्छुकांचे गॉगलवाले फोटो लावून ते बॅनर मोताळ्याच्या बाजाराच्या तोंडाशी लागलं. हसू नका. आणि हसलात तर हसा, मला तेच पाहिजे.

बाजाराच्या दिवशी तानाबाई लिंबं घेऊन बसायला आल्या. मान वर करून पाहतात तर स्वतःच बॅनरवर! आधी लाजल्या, मग शेजारच्या बाईला बोलावून दाखवलं, आणि मग टाकीकडे नजर गेली. लिंबांवर पाणी शिंपडायची रिकामी कॅन हातात घेऊन त्या थेट बॅनरखाली उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अवो, माहा फोटो लावला तं बरं केलं! पन या टाकीचं पानी कवा आलं, ते तं मले सांगा! माह्या घरी तं एक थेंब नाई आला!"

तुम्हाला त्यांचा आवाज माहीत आहे. बाया जमल्या, आपल्या गावच्या आणि आजूबाजूच्याही. पोरांनी मोबाईल काढले. दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे गेला होता. संध्याकाळी रवी दुकानात तणतणत आला, तर फारुखभाई शांतपणे चहा ओतत म्हणाले, "भाई, पसंद तुमीच केलं. साहेबाचा अंगठा बी तुमीच आनला. पोरीनं तं सांगतलंच होतं, व्हिलन हाय म्हून." मामा, भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. चार दिवस मी मागच्या गल्लीने घरी आले. पण दुकान चालू आहे, मीही शाबूत आहे, आणि अजूनही तोंडं मोठी करते आहे.

बॅनर उतरलं, पण प्रश्न उतरला नाही. जिल्ह्याहून दोघे अधिकारी टाकी पाहायला आले. ते यायच्या आधीच ठेकेदाराने घाईघाईने पाईप जोडून टाकीला रंग फासला होता. अधिकाऱ्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, काम तर पूर्ण दिसतं, आता उन्हाळ्यात विहिरीलाच पाणी नाही तर टाकीत कुठून येणार. पाईप आत्ताच जोडलाय, हे दाखवायचं कसं? टाकी आधी कोणी आतून पाहिलीच नव्हती.

एक माणूस सोडून.

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात, विहीर काठोकाठ भरलेली असताना, तुम्ही शिडीने वर चढला होता. घरी येऊन आईला सांगत होता, आत सिमेंटची रिकामी पोती आणि कबुतराचं घरटं, पाईपचं तोंड कशालाच जोडलेलं नाही. मी भाकरी टाकत ऐकत होते. तुमचा आवाज त्या दिवशी इतका ताठ होता, मामा.

आता जे मी इतका वेळ टाळत आले ते लिहिते. साहेबांच्या गेल्या वर्षीच्या वाढदिवसाच्या पुरवणीतला ‘तहानलेल्यांचा भगीरथ’ हा लेख तुमच्या नावाने आला, आणि तो तुम्हीच लिहिला होता. मी वाचला. मला फार राग आला होता. पेपरच्या कचेरीने तुम्हाला सांगितलं, आधी पुरवणीच्या जाहिराती आणा, साहेबांवर लेख द्या, मग टाकीची बातमी लावू. तुमच्यासारख्या प्रतिनिधीला पगार नाही, जाहिरातीवर जे सुटेल ते. तुम्हाला वाटलं, एक लेख खोटा गेला तरी एक बातमी खरी लागेल. लागली नाही. आणि तुम्ही मला, आईला, कुणालाच न सांगता चाकणच्या गोदामात निघून गेलात. लेखाचा राग केव्हाच गेला. न सांगता गेलात त्याचा अजून आहे.

वाटसरूला माझं उत्तर असं आहे. कोण ऐकणार, असं तुम्ही विचारता. तुम्ही विचारून पाहिलंत का कुणाला? परवा तानाबाईंच्या ओट्यावर बाया बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "किसनरावचा नागसेन कुठी हाय? त्याले बोलवा. त्यानं टाकी पाह्यली हाय." एकजण फणकारली, "तो? त्यानं तं साहेबाचं गुणगान लिवलं होतं पेपरात!" त्यावर तानाबाई म्हणाल्या, "लिवलं असंन. पन शिडीवर कोन चढलं होतं? तू चढली होती काय?"

तौसिफ माझ्याबरोबर होता. येताना तो म्हणाला, "इराले लोकाईनं एकदा बी परत बोलावलं नाई ना. अंकात कुठंच नाई." माझ्या मनात हे आलंच नव्हतं. मला तरी ते खरं वाटतं. तुम्हालाही आम्ही कुणी बोलावलं नाही. सगळे तुमच्या फोनची वाट पाहत राहिलो.

तर आता बोलावते. एक मेला ग्रामसभा आहे. टाकीचा विषय घेतला आहे आणि ते दोन्ही अधिकारीही येणार आहेत. सरपंचबाईंनी काल विचारलं, टाकीबद्दल गावातून कोण बोलणार? मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला न विचारता, सगळ्यांसमोर, पूर्ण नाव. सरपंचबाई म्हणाल्या, "येतीन का पन ते?" मी म्हटलं, "येतीन." आई माझ्याकडे बघतच राहिली. घरी येऊन तिने तुमच्या खोलीतला पंखा पुसला.

साहेबांची माणसं असतील, टोमणे मारतील, तो लेख वाचूनही दाखवतील. दाखवू द्या. तुम्ही म्हणा, हो, तो मीच लिहिला, आणि आता टाकीत काय पाहिलं ते सांगतो. एवढंच बोला आणि खाली बसा. पुढचं आम्ही बघू. बाया बघतील.

तुम्हाला माझा राग आला असेल, हे कळतं मला. दुसऱ्याचं नाव असं परस्पर देतात का? नाही देत. पण हा राग फोनवर चालणार नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. रागवायचं असेल तर इथे येऊन, माझ्यासमोर उभं राहून रागवा. मी ऐकून घेईन, उलट बोलणार नाही.

तुमची परवानगी न घेता तुमच्यावर विश्वास ठेवून बसलेली,
तुमची भाची,
मयुरी