गवत्यांचा बंदोबस्त

३ एप्रिल, रविवार
तळ्याकडे बघवत नाही. वर हिरवा चिकट थर, खाली दोऱ्यांसारखं पाणगवत, आणि वास असा, की कुणी ओले मोजे बादलीत विसरून गावाला गेलंय. वडिलांच्या काळापासून चर्चचे बाप्तिस्मे आमच्याच तळ्यात होतात. आज प्रार्थनेनंतर आमचे पाद्री, ब्रदर पेटस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "ब्रदर हॉलिस, मागच्या वर्षी मिसेस टॅकेट पाण्यातून वर आल्या तेव्हा डोक्यावर शेवाळाची टोपी होती. लोक हसले हो. जुलैपर्यंत तळं साफ होतंय का बघा, नाहीतर ड्यूईचं आहेच."

ड्यूईचं! ड्यूई म्हणजे माझ्या बायकोचा, एर्लीनचा, धाकटा भाऊ. ओढ्याच्या खालच्या अंगाला, स्वतःच्या तळ्याकाठी राहतो, जुन्या होड्या दुरुस्त करून विकतो. अंगणात भंगार. तिथे देवाला बोलवायचं?

निश्चय: गवत्या मासे सोडायचे. ते गवत खातात, मी व्हरांड्यात बसतो. प्रश्न मिटला.

१२ एप्रिल
मासे आले. हातभर लांब, चंदेरी, चेहऱ्यावर कसलाही विचार नाही. चर्चच्या समितीत असे चेहरे बरेच बघितलेत.

ड्यूई न बोलावता हजर. म्हणाला, "हॉलिस, आधी सांडव्यावर लोखंडी गज लाव. आडवे, दोन बोटं अंतर ठेवून. वाहतं पाणी दिसलं की या माशांना पाय फुटतात." मी म्हटलं, माशांना पाय नसतात. शिवाय घरात इतकं खायला असताना सोडून कोण जाईल?

एर्लीन म्हणाली, "आपला रस्टी गेला की ह्यूस्टनला."

मुलाचा इथे काय संबंध? बायकांना विषयाला धरून बोलता येत नाही.

२० एप्रिल
मासे दिसत नाहीत. अर्थात, खाली कामात असणार. गवत तेवढंच. खालून खात आणत असतील.

२ मे
दोन दिवस पाऊस. सांडव्याच्या खाली, गवतात, एक मासा मरून पडलेला. त्यावर गिधाडं. ती हलली तेव्हा जे दिसलं ते लिहीत नाही. नाश्त्याचे बिस्किट-ग्रेव्ही तसेच ठेवले.

एखादा मासा वेडा निघायचाच. तरीही खबरदारी म्हणून सांडव्यावर जाळी ठोकली. ड्यूईचे गज नाहीत, कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी. कल्पना सर्वस्वी माझी. भोक जितकं लहान, तितका मासा आत. याला शाळेत जावं लागत नाही.

९ मे
जाळीत गवत अडकतं. पाणी तुंबून बांधाच्या काठाला लागलं. रोज रबरी विजार चढवून छातीभर पाण्यात उभा राहतो आणि दाताळ्याने घाण ओढतो. आज विजारीत पाणी शिरलं. पाण्याबरोबर आणखीही काही शिरलं, ते वळवळत होतं. शी!

एर्लीन काठावरून म्हणाली, "गवत मासे खाणार होते ना? मग तू का उपसतोयस?" मी तिला निसर्गाचा समतोल समजावून सांगायला लागलो. मधेच बघतो तर ती घरात गेलेली.

ड्यूई कुंपणावरून: "हॉलिस, जाळी काढ रे, गज लाव! पाण्याला वाट दे!" ऐकू न आल्यासारखं केलं.

२३ मे
मुळालाच हात घातला! माशांना घराची ओढ लागली पाहिजे. मग जाळीसुद्धा नको. गेले काही दिवस बादली वाजवतो आणि मक्याचा कॉर्नब्रेड टाकतो. येतात! चक्क येतात! सगळे नाही, थोडेच. बाकीचे लाजाळू असावेत.

गवताला तोंड लावत नाहीत. पण आधी निष्ठा, मग गवत.

एर्लीनने रात्रीच्या जेवणाचा कॉर्नब्रेड शोधला. मी सांगितलं कुठे गेला. ती म्हणाली, "घरात मीपण आहे, हॉलिस." ड्यूई तिथेच बसला होता, त्याला तर निमित्तच हवं. म्हणे, "गुरं म्हणून आणलीस, जावई करून ठेवलेस!" दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले. कसले संस्कार.

८ जून
ओले कपडे बदलून लिहायला बसलोय.

दुपारी आभाळ फाटलं. ओढ्यातून लोंढा आला, जाळी गवताने भिंतीसारखी बंद, आणि पाणी बांधावरून वाहायला लागलं. एका कोपऱ्याची माती ढासळू लागली. दाताळं चालेना. तेवढ्यात ड्यूई चिखलातून धावत आला, हातात पक्कड. ओरडला, "काप ती जाळी! बांध गेला तर तळंच जाईल!"

मी म्हटलं, "मासे जातील!"

"जाऊ देत ना, मूर्खा!"

मी चर्चचा डीकन, म्हणजे पदाधिकारी, आणि मला मूर्ख. तरी कापली. मीच कापली, हे नमूद असावं. पाण्याचा लोट सुटला. आणि त्या लोटातून माझे मासे निघाले. घाई नाही, धक्काबुक्की नाही. रविवारी चर्च सुटल्यासारखे, एकामागून एक. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माझा कॉर्नब्रेड खाल्लेले!

बांध वाचला. ड्यूई चिखलाने माखलेला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा. त्याच्या हाताला वंगणाचा वास येत होता. मी हात बाजूला केला.

१२ जून
बादली वाजवली. कुणी नाही. पुन्हा वाजवली. एक कासव वर आलं आणि माझ्याकडे असं बघून गेलं, की मला किळस आली.

जे गेले ते बरंच झालं. खाऊनपिऊन आळशी झाले होते.

३ जुलै, रविवार
ब्रदर पेटस ड्यूईचं तळं बघायला निघाले, मला आणि एर्लीनलाही नेलं. गवत नाही. तळाची वाळू दिसते. आणि मधोमध माझे मासे, माझ्याकडे पाठ करून, चरताहेत.

मी विचारलं, यांना काय घालतोस? म्हणाला, "काही नाही. काही नसलं की गवत खातात." त्याच्या सांडव्यावर नवेकोरे आडवे गज. कधी लावले म्हटलं, तर कान खाजवत म्हणतो, "एप्रिलमध्येच. तू लावणार नाहीस माहीत होतं. तुझे मासे मोठ्या नदीत गेले असते तर तुला वाईट वाटलं असतं. पहिल्या आठवड्यापासून येतच होते ते. हवे असतील तर धरून देतो."

नको म्हटलं. वापरलेले मासे मी घेत नाही.

त्यावर एर्लीन ब्रदर पेटसना म्हणाली, "पुढच्या रविवारी बाप्तिस्म्याला माझंही नाव घ्या." लग्नाआधी ती दुसऱ्या पंथाची, लहानपणी डोक्यावर नुसतं पाणी शिंपडलेलं. आमचा बुडीचा बाप्तिस्मा इतकी वर्षं टाळत होती. मी म्हटलं, आपल्या तळ्यात कधी का नाही उतरलीस? म्हणाली, "त्या शेवाळात मी देवाला सापडले नसते."

१० जुलै, रविवार
ऊन. माणसंच माणसं. ब्रदर पेटसनी ड्यूईचे आभार मानले, माशांचे मानले, पावसाचे मानले. मी डीकन, टॉवेल धरून काठावर.

एर्लीन पाण्यात गेली. बुडून वर आली तेव्हा केस डोळ्यांवर, आणि ती हसत होती. ड्यूई रडत होता, नाक शर्टाला पुसत, घाणेरडा. ती तिथूनच ओरडली, "हॉलिस, ये ना! पायाची बोटं दिसतात!" मी म्हटलं, पाणी गार असेल. जुलैत. लोक ऐकत होते, म्हणून काहीतरी बोलावं लागलं.

नंतर ड्यूईच्या अंगणात, भंगारातच, टेबलं मांडली. मी पोट बिघडलंय सांगून घरी आलो. आल्यावर लक्षात आलं, तिने धरायला दिलेले बूट माझ्याच हातात आहेत. ती तिथे अनवाणी जेवत असेल. परत नेऊन द्यायला हवे होते. नेले नाहीत.

आता ते समोर टेबलावर आहेत. आत माप लिहिलंय, सात. मी गेल्या नाताळात आठचे आणले होते. तिने ते एकदाही घातले नाहीत. मला वाटत होतं, जपून ठेवलेत.