फिलिपिन्सचा पंखा

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रणयच्या बॅनरचा हिशोब आज डोक्यात पूर्ण झाला. फ्लेक्स नऊशे. नावडे नाक्यावर बांधायला पोरांना दोनशे नि वडापाव. उतरवला तो फुकट. शेडमध्ये पंपांच्या जुन्या मोटरींवर ताडपत्री म्हणून टाकलाय. म्हणजे वरवर बघता अकराशेत भागलं. पण त्याच्यावर मी जे छापून घेतलं – 'दोन वर्षांची सेवा पूर्ण करूनच परतणार!' – त्याचं बिल अजून यायचंय, असं आजचा फोन ऐकून वाटलं.

पोरगा परदेशी गेला म्हटलं की लोक पगार विचारतात. ह्याला पगार नाही. उलट खर्च आपला. चर्चची सेवा. लोक मॉर्मन म्हणतात. प्रणय म्हणतो, "तसं नका म्हणू पप्पा, पूर्ण नाव घ्या." ते मला अजून एका दमात येत नाही. कॉलेजात असताना मित्राबरोबर गेला नि तिथलाच झाला. घरात गणपतीला नमस्कार करतो, पण हात जोडताना माझ्याकडे बघतो. भांडलो. बोलणं बंद ठेवलं. शेवटी मीच म्हटलं, जायचंच तर घरतांच्या पोरासारखा जा! आणि लोकांनी कुजबुज करायच्या आत बॅनर ठोकला. धंद्यात हेच शिकलो. लोकांनी बोंब मारायच्या आधी आपण ढोल वाजवायचा.

सात महिने झाले. फिलिपिन्समधलं कुठलंसं गाव. पहाटे उठायचं, सफेद शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी – 'एल्डर घरत'. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. वय वर्षं वीस! चहा बंद. एकट्याने कुठे जायचं नाही, जोडीदार सतत बरोबर. दिवसभर अनोळखी लोकांची दारं वाजवायची. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी.

आज चार मिनिटांत आटपला. "बरा आहे, पप्पा." तीनदा बोलला. गिऱ्हाईक 'मोटर मस्त चालत होती' असं तीनदा बोललं की मी समजतो, पाण्यात बुडवून आणलीय. फोन ठेवायच्या आधी मागून जोडीदाराचा आवाज आला, हळू – 'यू ओके?'

मला ऐकू यावा म्हणून नव्हता विचारलेला तो प्रश्न. पण ऐकू आला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नामाकाका दुकानात येऊन बसला. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ह्याचं काही काम नसतं, पंख्याखाली बसायला येतो.

"रोहिदास, तुझा पाद्री काय बोलतो?"

"पाद्री नाय, काका. सेवेला गेलाय."

"पगार नाय, चाय नाय, मच्छीचा पत्ता नाय. मंग गेला कशाला? तलोज्याच्या कंपनीत काय वाईट होता?"

मी हसलो. "काका, घरतांचा पोर काम अर्ध्यावर सोडून येत नाय. छापून दिलंय नाक्यावर."

सगळे हसले. मीच जास्त.

संध्याकाळी दमयंतीताईचा खारघरवरून फोन. तिच्या हॉलचा पंखा वाजायला लागलाय. मीच बसवलेला, वास्तुशांतीला. "सगल्या सोसायट्यांचे पंप सांभालतोस, बहिनीचा एक पंखा नाय बघत." येतो म्हटलं. नाही जमायचं ह्या आठवड्यात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

व्हिडिओवर दिसला. शर्टाची कॉलर सैल झालीय. म्हणजे मान बारीक झालीय, शर्ट तोच आहे.

बोलण्याची चालच बदललीय. आधी 'अं–' मग शब्द, जणू मराठी कुठून तरी उतरवून घेतोय. सुचिताने विचारलं, "जेवतोस ना नीट?" तो म्हणाला, "हो आई, मी जेवतो आहे." जेवतो आहे! आमच्या घरात असं कोणी बोलतं?

फोन झाल्यावर ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं तिला पंचवीस वर्षं वाटतंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

फोन नाही! फक्त मेसेज – 'आज जमणार नाही. प्रवासात आहे. पुढच्या सोमवारी बोलतो.'

कसला प्रवास? दुसऱ्या गावी पाठवत असतील. मधूनमधून बदली होते म्हणाला होता. पण मेसेजात 'पप्पा' नाही. एरवी सुरुवातच त्याने होते.

त्याच्या इथल्या चर्चमधल्या कुणाला तरी विचारावं असं दोनदा मनात आलं. नंबर आहे माझ्याकडे. पण बाप विचारतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, असा अर्थ निघतो. नाही केला फोन. एका सोसायटीचा पंप उघडला नि उलटा जोडला. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

सोमवार, ३ मार्च

आला फोन! आणि काय सांगू, पोरगा परत माणसात आला!

व्हिडिओ नाही, कॅमेरा बिघडलाय म्हणे. नसू दे. आवाज मोकळा झालाय. "पप्पा, कसा हाव?" म्हणाला. 'अं–' नाही, 'जेवतो आहे' नाही. सरळ 'हाय' नि 'नाय'. मी गेल्या वेळी टोकलं होतं ना, बोली विसरू नकोस म्हणून. लागू पडलं!

आणखी एक गंमत. त्याच्या मागे पंखा चालू होता. दर फेरीला एकदा – टक्. मी म्हटलं, "प्रणय, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. खालचं. मालकाला सांग."

तो म्हणाला, "तुमाला एवढ्या लांबून ऐकू येतंय?"

म्हटलं, "बाला, माझ्या कानाला फसवणारा अजून जन्माला यायचाय."

मंगळवार, ४ मार्च

दुकानात सगळ्यांना सांगितलं. फिलिपिन्सचा पंखा नावड्यात बसून तपासला! नामाकाका म्हणाला, "बिल पाठव त्यांना डॉलरमदी." त्यांचे डॉलर नसतात, पेसो असतात. मला माहीत आहे. काकाला नाही सांगितलं, मजा चालू होती.

दुपारी ताईचा फोन. "परदेशातले पंखे तुला ऐकू येतान, खारघरचा नाय. कवा येतोस?" बातमी तिच्यापर्यंत एवढ्यात पोचली कशी? सुचिताचं काम. येतो म्हटलं शिमग्यानंतर.

ताई म्हणाली, "तवर काय होल काय नाय." एका पंख्यासाठी एवढं!

शुक्रवार, ७ मार्च

सुचिता काल ताईकडे जाऊन आली. डब्यात सुकट, तांदळाच्या भाकऱ्या. "ताईंचा गुडघा दुखतो, उभं राहवत नाही." दोघी एवढ्या गळ्यात गळा घालणाऱ्या कधी नव्हत्या.

आल्यावर नळ न सोडता झोपली. मी परवा तिला समजावलं होतं, त्याचा परिणाम.

मीच तेवढा जागा. कॅमेरा बिघडला तर जोडीदाराच्या फोनवरून का नाही करत?

सोमवार, १० मार्च

आजचा फोन जसा झाला तसा लिहून ठेवतो.

आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "पप्पा, एक विचारू?"

"विचार."

"आमच्यातला एक जन सेवा सोडून निघाला. मधेच. त्याला झोप नाय लागत. दार वाजवायला हात उचलला की छातीत धडधड, श्वास पुरत नाय. डॉक्टर बोलले, घरी जा. मोठे साहेब पन बोलले, यात काय लाज नाय. तरी तो घरी कसा जानार?"

आणि मी! मी म्हटलं, "घरतांचा नाय ना? मग सोड. त्याच्या बापाने बॅनर लावला नसेल."

आणि हसलो. माझंच मला आवडलं.

तो हसला नाही. फक्त पंखा. टक्. टक्. टक्. मग म्हणाला, "ठेवतो, पप्पा."

मंगळवार, ११ मार्च

दुकानात एक पोरगं आलं. "शेठ, मित्राची मोटर हाय, जळलीय." मी न बघता म्हटलं, "मित्राची नाय, तुझीच हाय." लाजला.

आणि माझा हात तिथेच थांबला.

बुधवार, १२ मार्च

चार फोन केले. उचलत नाही. नियम असेल, सोमवारशिवाय नाही उचलायचा. पण नियम असेल म्हणून नाही उचलत, की माझा आहे म्हणून?

समुद्रापलीकडे पोरगं. ओळखीचं कुणी नाही. दारात उभं राहून श्वास पुरत नाही म्हणतं, आणि बाप विचारतो, तू घरतांचा नाहीस ना?

शेडमध्ये गेलो. बॅनरवर त्याचं तोंड मोटरींच्या गंजाने तांबडं झालंय. ओढून काढला. घडी घालायला गेलो तर घडीत नेमकं 'परतणार!' एवढंच वर राहिलं.

सुचिताला म्हटलं, "प्रणय ठीक नाय." ती कणीक मळत होती. थांबली नाही. "मग सांगा ना त्याला काहीतरी," म्हणाली. "मला काय सांगता?"

गुरुवार, १३ मार्च. होळी

गावात होळी उभी राहिली. पोरं बोंबलत फिरतायत. दर वर्षी प्रणय नारळ काढायला निखाऱ्यात हात घालायचा आणि मी ओरडायचो.

बोलताना माझी जीभ भलतीकडे जाते, विनोद होतो. म्हणून आधी मनात जुळवून घेतलं, मग रेकॉर्ड करून पाठवलं. बोललो ते असं –

"प्रणय, लोड जास्त झाला की रिले पडतो. तवा मोटर खराब नसते, वाचलेली असते. रिले पडू नये म्हनून जो त्याला तारेने बांधतो ना, तो मोटर जालतो. बॅनर मी लावला होता, तू नाय. घरी ये. विमानाचं मी बघतो. नाक्यावर कोन काय बोलला तर मी हाय उभा. चर्चमदी राहा, नको राहू, ते तुझं. पन ये."

लगेच ऐकलं, खूण निळी झाली. तिकडे आता झोपायची वेळ टळून गेलेली. जागाच होता म्हणजे. उत्तर नाही.

रिलेचं त्याला कळलं असेल का? दुकानात बसायचा लहानपणी. कळलं असेल.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळ

उत्तर नाहीच. विमानाचं बघायला एजंटला फोन लावला, तो रंग खेळतोय.

एवढ्यात ताई. "आज तरी येशील काय रं? पुरनपोली केलीय."

"ताई, पंख्याचं सुचत नाय मला. प्रणयचं टेन्शन हाय."

"म्हनून तर बोलवतेय. बेअरिंग घेऊन ये," म्हणाली नि फोन ठेवला.

सुचिता साडी बदलून तयार. मी विचारायच्या आधी.

शनिवार, १५ मार्च

काल ताईच्या हॉलचा पंखा उतरवला. बेअरिंगच गेलं होतं, खालचं. दर फेरीला एकदा टक्.

स्टूल प्रणयने धरलं. 'प्रवासात आहे' म्हणाला त्या सोमवारपासून तिथेच होता.